ऑपरेशन झालं, तरी नाक चोंदलेलंच

आठव्या दिवशी डॉक्टरांनी नाकातल्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या ओढून काढल्या आणि नाकातून आत जाणारी हवा गार असते हे मला कित्येक वर्षांनी कळलं. खुर्चीत बसल्याबसल्या मी मुद्दाम तीन-चार लांब श्वास घेतले. घरी येईपर्यंत उजवी बाजू जड झाली, संध्याकाळी दोन्ही बंद. रात्री तोंड उघडं टाकून झोपले. डोक्यात एकच विचार होता, ऑपरेशन फसलं.

फसलं नव्हतं. पण ते पटायला चार महिने गेले, आणि मधल्या काळात मी एक चूक केली, तिच्याबद्दल पुढे सांगतेच. दोन नाकपुड्यांमधला पडदा सरळ करण्याचं ऑपरेशन (सेप्टोप्लास्टी), टर्बिनेट (नाकाच्या बाजूच्या भिंतींवरचे फुगणारे उंचवटे) लहान करणं, दुर्बिणीतून केलेलं सायनसचं ऑपरेशन किंवा नाकाचा आकार सुधारण्याचं ऑपरेशन (ऱ्हायनोप्लास्टी) यांपैकी काहीही झालं असेल आणि नाक अजून चोंदत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जननी हातात दिलेल्या कागदावर वेगळं काही लिहिलं असेल तर कागदाचं ऐका.

आधी हे तपासा

पुढचं काहीही वाचण्याआधी एवढं पाहा. यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा.

पहिल्या काही दिवसांत नाक दोन्ही बाजूंनी अचानक गच्च होत चाललंय, दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय, नाकाचं टोक हात लावू देत नाही: पडद्याच्या आत रक्त साचलेलं असू शकतं. याला सेप्टल हिमॅटोमा म्हणतात. रक्त साचलं की पडद्यातल्या कूर्चेचा (लवचिक, मऊ हाडाचा) रक्तपुरवठा तुटतो आणि काही दिवसांत ती विरघळून नाक मधोमध बसतं. म्हणून ‘उद्या बघू’ इथे चालत नाही.

घोळणा फुटला तर ताठ बसा, मान किंचित पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळ लावून 15 मिनिटं दाबा. मधे उघडून बघायचं नाही. तरीही रक्त थांबत नसेल तर निघा. भरपूर ताप, अंगावर लाल पुरळ आणि उलट्या, विशेषतः नाकात बोळा असताना. डोळ्याभोवती सूज, धूसर किंवा दुहेरी दिसणं. मान आखडणं आणि असह्य डोकेदुखी. किंवा एकाच नाकपुडीतून, खाली वाकल्यावर, पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी पुन्हा पुन्हा ठिबकणं, ही सगळी तातडीचीच लक्षणं. शेवटचं मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. नाक धुतल्यानंतर तासाभरानं वाकल्यावर दोन थेंब टपकतात ते वेगळं, ते आत अडकलेलं मिठाचं पाणीच असतं. मी त्यावरून एकदा रात्री सगळं घर उठवलं आहे.

मग कॅलेंडर काढा

‘ऑपरेशननंतर नाक बंद’ ही तक्रार तिसऱ्या दिवशीची आणि तिसऱ्या महिन्याची एकसारखी नसते. त्यामुळे पहिला प्रश्न: आज कितवा दिवस?

पहिल्या आठवड्यात नाक बंदच असतं. सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, आत बोळा किंवा पट्ट्या असतात, वर रक्ताच्या गुठळ्या. बोळा बहुधा एक-दोन दिवसांत निघतो, पट्ट्या आठवड्याच्या आसपास. पट्ट्या निघाल्यावर मिळतो तो मोकळेपणा फसवा: आतल्या अस्तराला हात लागला की ते पुन्हा सुजतं. माझी ती संध्याकाळ म्हणजे हेच.

दुसरा ते चौथा आठवडा खपल्यांचा. सूज उतरत असते, पण ओलसर जागी खपली धरते, तिच्यावर शेंबूड वाळतो, त्यावर पुन्हा खपली. या टप्प्यात नाक ‘आज बरं, उद्या वाईट’ असं वागतं. आतलं अस्तर पूर्ववत व्हायला सहा ते बारा आठवडे जातात. पडद्याच्या ऑपरेशनचा खरा निकाल तीन ते सहा महिन्यांनी बघायचा. नाकाचा आकार बदलला असेल तर बारीकशी सूज वर्षभरसुद्धा रेंगाळते.

एवढीशी सूज एवढा त्रास का देते? नळीतून संथपणे वाहणाऱ्या हवेचा किंवा पाण्याचा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. नाक काही सरळ गुळगुळीत नळी नाही, पण हिशोबाचा कल तोच. एखाद्या मिलिमीटरच्या सुजेनं रात्र खराब होते ती त्यामुळे. आणि हेच गणित उलटंही चालतं, सूज थोडीशी उतरली की एका सकाळी नाक एकदम सुटल्यासारखं वाटतं.

नाक धुणं

सगळ्या उपायांत एकच निवडायला सांगितलं तर मी हा निवडेन. कधी सुरू करायचं ते डॉक्टर ठरवतील: काही जण पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून नुसता सलाईनचा फवारा देतात, बाटलीनं धुणं बहुतेकदा पट्ट्या निघाल्यावर.

पाणी कुठलं, इथे हयगय नको. डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक पाणी, नाहीतर खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळलेलं आणि झाकून कोमट केलेलं. उंच डोंगरावर, 2000 मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. नळाचं पाणी पिण्याला चांगलं असलं तरी नाकाला चालेलच असं नाही. पोटातलं आम्ल जे मारतं ते नाकात कोण मारणार? नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो. असं फार क्वचित घडतं, पण झालं तर जवळजवळ नेहमीच जिवावर बेततं. उकळण्याचा कंटाळा या जोखमीच्या लायकीचा नाही.

मीठ: एक लिटरला 9 ग्रॅम, म्हणजे 5 मिलिलिटरच्या मापाचे सपाट दीड चमचे बारीक मीठ. आयोडीन नसलेलं आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही न मिसळलेलं असेल तर उत्तम. अर्धा चमचा खाण्याचा सोडा घातला की चुरचुर कमी होते. मीठ कमी पडलं तर नाकात झिणझिण्या येतात, लहानपणी पोहताना पाणी नाकात गेल्यावर येत तशाच. तयार पुड्या मिळाल्या तर त्या वापरा, मापाची कटकट वाचते. पाणी रोज नवं, बाटली प्रत्येक वेळी धुऊन उपडी वाळवलेली.

आता कृती. बेसिनवर ओणवं व्हा, डोकं पुढे आणि थोडं बाजूला, तोंड उघडं. बाटलीचं टोक वरच्या नाकपुडीला टेकवा, पडद्याकडे न रोखता. हलकेच दाबत ‘क, क, क’ म्हणत राहा. ऐकायला वेडगळ वाटतं, पण ‘क’ म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो आणि पाणी घशात उतरत नाही. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येईल, कधी तोंडातूनही, दोन्ही ठीक. जोर लावायचा नाही. कानात दडा बसला तर तुम्ही जास्त दाबताय. पाणी अजिबात पलीकडे जात नसेल तर तिथेच थांबा, अर्ध्या तासानं पुन्हा बघा.

मला बाराव्या दिवशी सकाळी डावीकडून पाणी जाईना. तिसऱ्या प्रयत्नात काहीतरी सरकल्याचं जाणवलं आणि बेसिनमध्ये चिंचोक्याएवढी, तशीच काळपट तपकिरी, एका टोकाला पिवळट शेपूट असलेली खपली पडली. किळस यायला हवी होती. मी चक्क फोटो काढला. त्या एका चिंचोक्यामागे अख्खं नाक अडलं होतं.

म्हणूनच सांगते, खपली बोटानं किंवा कानकाडीनं काढायची नाही. ती ओढली की खालची जखम उघडते, रक्त येतं आणि उद्या याहून मोठी खपली धरते. डॉक्टरांनी मलम किंवा सलाईनचं जेल दिलं असेल तर रात्री तेवढं लावा. नाक शिंकरण्यावर पहिले एक-दोन आठवडे बंदी असते. शिंक आलीच तर तोंड आ वासून शिंका, ती दाबून धरण्यानं सगळा दाब टाक्यांवर जातो.

झोप

पाठीवर, डोकं दोन उशांइतकं उंच. आडवं झाल्यावर नाकाच्या शिरांत रक्त साचतं आणि टर्बिनेट फुगतात. कुशीवर झोपलात तर खालच्या बाजूची नाकपुडी चोंदते. खोलीतली हवा कोरडी असेल तर ह्युमिडिफायर. कडक वाफ मात्र सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, उष्णतेनं रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्त येऊ शकतं.

थेंबांचा सापळा

माझी चूक ती ही. तिसऱ्या आठवड्यात, रात्री दोन वाजता, औषधांच्या डब्यात जुनी झायलोमेटाझोलिनची बाटली सापडली. दोन थेंब टाकले. पाच मिनिटांत नाक मोकळं! पुढच्या रात्री पुन्हा. मग दुपारी एकदा. सात आठवड्यांनी माझ्या पर्समध्ये, उशाशी आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये अशा तीन बाटल्या होत्या, आणि थेंब टाकल्याशिवाय दोन्ही नाकपुड्या बंद. डॉक्टरांना मी सांगत होते, ‘ऑपरेशनचा काहीच उपयोग झाला नाही.’ थेंबांबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन आतल्या रक्तवाहिन्या आवळतात. परिणाम ओसरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग पुन्हा थेंब. औषधामुळेच होणाऱ्या या चोंदण्याला ऱ्हायनायटिस मेडिकामेंटोझा असं भारदस्त नाव आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्त थांबावं म्हणून सर्जन स्वतः हे थेंब देतात, तेवढे घ्या. त्यापलीकडे तीन दिवस ही मर्यादा, फार तर पाच.

सवय लागलीच असेल तर सुटका आहे. मी डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधी उजवीकडचे थेंब बंद केले आणि डावीकडे चालू ठेवले, म्हणजे श्वासाला एक तरी दार उघडं. सोबत स्टेरॉइडचा फवारा आणि धुणं. उजवी बाजू दहाव्या दिवशी आपसूक उघडली, मग डावीचे थांबवले. पहिल्या चार रात्री हालत वाईट असते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

सर्दीच्या गोळ्यांनी काम भागेल असं वाटत असेल तर डबीवरची नावं वाचा. पुष्कळ गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, आणि पोटातून घेतलेलं फेनिलेफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करत नाही, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीनं 2023 मध्ये एकमतानं म्हटलं. स्यूडोएफेड्रिन काम करतं, पण रक्तदाब वाढवतं, झोप उडवतं. ते विचारूनच.

स्टेरॉइडचा फवारा: मारण्याची पद्धत

मोमेटासोन, फ्लुटिकासोन वगैरे. हे थेंबांच्या उलट: लगेच काही वाटत नाही, पुरता परिणाम दिसायला एक-दोन आठवडे रोज मारावं लागतं, आणि सवय लागत नाही. ऑपरेशननंतर सुरू कधी करायचं ते सर्जननाच विचारा.

बहुतेक जण चुकतात ते दिशेत. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं मारायचं, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या भिंतीकडे, कानाच्या दिशेनं वळतं. सरळ पडद्यावर मारत राहिलं तर तिथे जखम होते, घोळणा फुटतो. मान थोडी खाली, श्वास अगदी हलका. घशात कडवट लागलं तर तुम्ही जोरात ओढलंत, औषध नाकात न राहता पोटात गेलं. आणि नाक धुणं आधी, फवारा नंतर. उलट केलंत तर औषध बेसिनमध्ये.

दीड महिन्यानंतर: वही घाला

सहा आठवडे उलटले आणि समाधान नाही, तर ‘बंद वाटतं’ एवढं पुरत नाही. दोन आठवडे लिहून ठेवा: कोणती बाजू, किती वाजता, आडवं असताना की उभं, काय केल्यावर सुटलं.

गुण द्यायचे असतील तर डॉक्टर वापरतात ती पाच प्रश्नांची नोज नावाची मोजपट्टी सोपी आहे: नाक भरल्यासारखं वाटणं, अडथळा, नाकानं श्वास घ्यायला त्रास, झोपेला त्रास, व्यायामात हवा पुरी न पडणं. प्रत्येकाला 0 ते 4 गुण, बेरीज गुणिले 5, कमाल 100. महिन्यातून एकदा मोजा. मी रोज मोजत होते, त्यानं फक्त डोकं फिरतं.

वहीत एक गोष्ट हमखास दिसेल: कधी उजवी बंद, काही तासांनी डावी. हा आजार नाही. टर्बिनेट आळीपाळीनं फुगतात आणि ओसरतात, निरोगी नाकातही. रिशार्ड कायझर यांनी हे 1895 मध्येच नोंदवलं होतं. ऑपरेशनआधी एक बाजू कायमची बंद असल्यानं ही पाळी कळत नसे, आता कळते एवढंच. बाजू बदलत असेल तर निम्मी काळजी सोडा. एकच बाजू, दिवसरात्र, तेवढीच बंद राहत असेल, तर आत काहीतरी ठाम अडलेलं असण्याची शक्यता जास्त.

आरशासमोर एक चाचणी करा, ऑपरेशनला पुरेसे दिवस झाल्यावरच. गालावर बोटं ठेवून नाकाशेजारची त्वचा हलकेच बाहेर, कानाकडे ओढा आणि श्वास घ्या. नाक एकदम मोकळं झालं, तर दोष नाकाच्या झडपेत असू शकतो: पुढच्या सर्वांत अरुंद भागाची भिंत श्वास ओढताना आत बसते. याला कॉटल चाचणी म्हणतात. नाकावर चिकटवायच्या पट्टीनं रात्री फरक पडतो का, हेही तेच सांगतं. ही चाचणी पुष्कळदा खोटी होकारार्थी येते, म्हणून निदान नव्हे, डॉक्टरांना सांगायची खूण समजा. पडदा कितीही सरळ केला तरी झडप बसत असेल तर श्वास अडणारच.

तीन महिन्यांनंतरही तसंच असेल तर

आता दुर्बिणीतून बघून घ्यायलाच हवं. नुसत्या टॉर्चनं नाकाचा पुढचा भाग दिसतो, मागचा नाही. काय सापडू शकतं?

सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे आत चिकटणं. पडदा आणि टर्बिनेट या समोरासमोरच्या दोन ओल्या जखमा. मधे खपली राहिली की त्यांच्यात पूल तयार होतो. पट्ट्या घालतात त्या यासाठीच. छोटा पूल बऱ्याचदा दवाखान्यातच, जागा बधिर करून कापता येतो.

ॲलर्जी असेल तर ऑपरेशननं ती जात नाही. रस्ता रुंद झाला, पण धूळ तीच आणि सुजणारं अस्तर तेच. शिंका, डोळ्यांना खाज, ठरावीक ऋतूत त्रास असं असेल तर ॲलर्जीची तपासणी मागा. पॉलिप (नाकातल्या अस्तराच्या मऊ गाठी) काढले असतील तर ते पुन्हा वाढू शकतात, वास येईनासा झाला तर ती पहिली सूचना.

कूर्चेला जुन्या वळणाची आठवण असते, ती थोडी परत वाकते. कधी पडदा सरळ केला पण फुगलेल्या टर्बिनेटना हातच लावलेला नसतो. श्वास घेताना शिट्टी वाजते आणि खपल्या थांबत नाहीत, तर पडद्याला भोक पडलेलं असू शकतं. रक्तदाबाची काही औषधं, गर्भारपण, थायरॉइड कमी असणं यांनीही नाक चोंदतं, तेव्हा चालू औषधांची यादी बरोबर न्या. घोरणं गेलं नाही म्हणून निराश असाल, तर एकट्या पडद्याच्या ऑपरेशननं स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मधेमधे थांबणं) सहसा जात नाही, त्याची तपासणी वेगळी.

आणि एक विचित्र प्रकार: दुर्बिणीत नाक लख्ख मोकळं, तरी माणूस गुदमरतो. हवा जाते हे आपल्याला कळतं ते गारव्यावरून. नाकातल्या मज्जातंतूंवर टीआरपीएम-8 नावाचे गारवा ओळखणारे रिसेप्टर असतात. त्यांच्या शोधातला वाटा 2021 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये मोजला गेला. मेंथॉल नेमकं त्यांनाच फसवतं, म्हणून बाम हुंगल्यावर नाक मोकळं ‘वाटतं’, आतला रस्ता तेवढाच असतो. टर्बिनेट प्रमाणाबाहेर कापले गेले तर ही जाणीवच हरवू शकते. याला एम्प्टी नोज सिंड्रोम म्हणतात. ते दुर्मिळ आहे, पण ‘सगळं मनाचे खेळ’ असं ऐकायला मिळालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

डॉक्टरांपुढे काय बोलायचं

‘बरं नाही’ म्हणू नका. म्हणा: ‘डावी बाजू सतत बंद, आडवं झाल्यावर वाढते, थेंबांनी सुटते’ किंवा ‘थेंबांनीही सुटत नाही’. हा फरक फार कामाचा आहे: थेंबांनी सुटतं ते सुजेचं, सुटत नाही ते बहुधा हाड, कूर्चा, चिकटणं किंवा झडप. थेंब किती दिवस टाकलेत ते खरं सांगा. ऑपरेशनची नोंद मागून घ्या, टर्बिनेटचं काय केलं ते त्यात असतं. सीटी स्कॅन कशासाठी, त्यानं उपचार बदलणार आहे का, हेही विचारा.

दुसऱ्या ऑपरेशनचा विषय निघाला तर सहा महिने ते वर्ष जाऊ द्यावं असं बहुतेक सर्जन सांगतात, कारण तोपर्यंत व्रण पक्का होत नाही आणि सुजलेल्या नाकाचं माप चुकीचंच निघतं. माझ्या वहीत चौथ्या महिन्यात 75 वरून 20 आले होते. तीन बाटल्यांपैकी ड्रॉवरमधली सापडली ती नंतर, तळाशी वाळलेल्या थेंबांसकट.